रिकाम्या काट्यावरचे सत्तर किलो

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की माझा एकच प्रश्न असायचा — "मोजलं का?" कुणी म्हणालं की खोली एकदम गार पडली, तर मी विचारायचो, थर्मामीटर होतं का? कुणी म्हणालं, छातीवर कोणीतरी येऊन बसलं... तर किती किलोचं होतं? लोक चिडायचे. बायको म्हणायची, "तुमी सोयऱ्यांत बोलतच नका जाऊ बाप्पा." पण माझा धंदाच तो. मी कारंजा लाडला राहतो आणि ट्रक-ट्रॅक्टर मोजायचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करतो. ज्या गोष्टीला वजन नाही ती गोष्ट नाही, असं माझं साधं गणित होतं.

इथं लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी आजवर नुसते वाचत आलो, बरेचदा हसतही आलो. आज स्वतः लिहायला बसलोय, कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते मोजलेलं होतं. माणसांची नावं बदलली आहेत. हे जिथं घडलं त्या जिनिंगचं नाव लिहीत नाही, आजूबाजूचे लोक ओळखतील.

कारंज्याहून मानोऱ्याकडे जाताना, इंझोरीच्या अलीकडे एक कापसाची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बरीच वर्षं बंद पडलेली. ती अनिलशेठनं घेतली. शेठ म्हणजे आमच्या कारंज्यातलेच जैन व्यापारी, चांगला माणूस. त्यांना तिथं सोयाबीन आणि तुरीचं गोदाम करायचं होतं. फाटकाशी जुना वजनकाटा होता — लोखंडी प्लॅटफॉर्म, बाजूला काचेची केबिन, केबिनमध्ये लाल आकडे दाखवणारं मशीन. मालकाचं ऑफिस मात्र पार दुसऱ्या टोकाला, कापसाच्या गाठी ठेवायच्या शेडच्या मागं. ऑफिसातून काटा दिसत नाही आणि काट्यावरून ऑफिस दिसत नाही.

जुन्या मालकानं त्या काळी एक जुगाड केलेलं होतं. केबिनमध्ये एक मॉडेम, ऑफिसात एक मॉडेम आणि मध्ये जमिनीखालून टेलिफोनची तार. मॉडेम म्हणजे तोच डबा, पूर्वी इंटरनेट लावताना जो किर्रर्र करायचा. या टोकाला आकड्यांचे सूर करायचे, तारेतून पाठवायचे आणि त्या टोकाला सुरांचे पुन्हा आकडे करायचे. म्हणजे काट्यावर गाडी चढली की वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. तो कॉम्प्युटरही तिथंच होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा. धूळ झटकून बटण दाबलं आणि चक्क चालू झाला.

शेठ म्हणाले, "सगळं अंगण सिमेंटचं आहे, नवीन वायर टाकायला फोडा लागते. पहा बरं, जुनंच चालते काय."

माझ्याबरोबर प्रवीण होता. माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. चार-पाच वर्षं आम्ही दोघं मिळूनच कामं करायचो. अंगानं काटकुळा, तोंडानं बडबड्या, सदानकदा काहीतरी गुणगुणणारा. तो केबिनमध्ये बसला, मी ऑफिसात, आणि मोबाईल स्पीकरवर.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अशा तारेतून आकडे एका ठरावीक वेगानं जातात. दोन्ही टोकांना वेग सारखाच लावावा लागतो. तार चांगली असेल तर वेग जास्त ठेवता येतो. तार जुनी, ओल खाल्लेली असेल तर जास्त वेगात आकड्यांचा चुराडा होतो आणि पडद्यावर नुसता कचरा येतो — चौकटी, बाण, कसलीही चिन्हं. मग वेग कमी करत जायचं. सावकाश बोललं की बहिऱ्याला ऐकू येतं, तसंच हे.

आम्ही शहाण्णवशेपासून सुरू केलं. कचरा. चोवीसशे लावले. कचराच, पण मध्येच एखादा आकडा. बाराशेला जरा जास्त आकडे.

"तीनशे लाव," मी म्हणालो.

"तीनशे? भाऊजी, त्याच्यापेक्षा मी पयत येऊन सांगतो न किती वजन आहे थे."

पण त्यानं लावले. मीही इकडे लावले. आणि पडदा एकदम स्वच्छ झाला. एकाखाली एक ओळी सरकायला लागल्या. एवढा कमी वेग की अक्षर न् अक्षर उमटताना दिसत होतं. प्रत्येक ओळीत एकच आकडा... सत्तर किलो.

"प्रवीण, काट्यावर कोण उभं आहे?"

"कोनीच नाई."

"मशीनवर किती?"

"झीरो."

भरदुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन. मला वाटलं, मशीनमधून बाहेर जाणाऱ्या आकड्यातच काही फरक पडत असेल. त्याला शून्याचं बटण दाबायला लावलं. सत्तरच. मशीन बंद करून परत चालू करायला लावलं. सत्तरच. तारेतला बिघाड असता तर आकडे उड्या मारतात, कधी सात हजार, कधी तीन. हे तसं नव्हतं. बसल्यासारखं सत्तर होतं.

मग माझ्या डोळ्यांसमोर तो आकडा हलला. सत्तर... पस्तीस... शून्य. थोडा वेळ शून्य राहिलं. आणि परत पस्तीस... सत्तर.

हे वाचताना तुम्हाला काही वाटणार नाही कदाचित. पण मी जन्मभर काट्यांचे आकडे चढताना-उतरताना पाहतोय. ट्रक चढला की पुढची चाकं, मग मागची. बैल चढला की आकडा थरथरतो. आणि माणूस चढला की आधी एका पायाचं वजन येतं, मग दोन्ही पायांचं. मी जे पाहिलं ते माणसाचं उतरणं आणि चढणं होतं.

मी शेडला वळसा घालून फाटकाशी आलो. प्लॅटफॉर्म रिकामा. कुत्रं नाही, काही नाही. खाली खड्ड्यात वाकून बघितलं. कोरडं, साफ. केबिनच्या काचेतून लाल शून्य दिसत होतं. मी स्वतः मात्र प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला नाही. का, ते सांगता येणार नाही. ठेवावासा वाटला नाही.

ऑफिसात परत आलो आणि फोनवर प्रवीणला म्हणालो, "तू जाऊन उभा राह्य बरं. तुह्यं साठ किलो आहे, पाहू इकडं किती येते."

तो गेला. पडद्यावर एकशे तीस आले.

"इकडं मशीनवर साठ दाखोते," तो प्लॅटफॉर्मवरूनच काचेत बघून ओरडला. "तिकडं किती?"

"एकशे तीस."

तो खो-खो हसला. "वा! म्हनजे तुमच्याकडं मी डब्बल झालो! घरी सांगा, बायको खुश होईन."

"उतर खाली."

तो उतरला. पडद्यावर शून्य आलं. सलग शून्य. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. म्हटलं, कुठंतरी काहीतरी अडकलेलं होतं, याच्या चढण्या-उतरण्यानं सुटलं. पुन्हा खात्री करावी म्हणून त्याला परत चढायला लावलं.

एकशे तीस.

"उतर."

शून्य.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता रिकाम्या काट्यावर सत्तर उरत नव्हते. ते त्याच्याबरोबर चढत होते. त्याच्याबरोबर उतरत होते.

मी सगळं बंद केलं. प्रवीणला म्हटलं, "चाल, राहिलेलं नंतर पाहू." गाडी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लावलेली होती. तिथली जमीन काळी, आदल्या दिवशीच्या पावसानं मऊ. प्रवीण माझ्यापुढं चालत होता आणि मी सहज खाली पाहिलं. मी अंगानं त्याच्या दीडपट. माझे बूट जेमतेम मातीत उमटत होते. त्याच्या चपला मात्र चार बोटं आत रुतत होत्या. प्रत्येक पावलाला तो पाय उपसून काढत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

रस्त्यात मोटरसायकलवर मागून म्हणाला, "भाऊजी, बॅग माह्या पाठीवर हाय का?"

बॅग माझ्या पुढ्यात, टाकीवर होती.

"मंग पाठ काहून दाबून राह्यली..."

त्यानंतर तो गुणगुणला नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही. त्याच्या नंतरच्याही दिवशी नाही. सुनंदा भावाकडे जाऊन आली आणि रडतच घरात शिरली. प्रवीण पलंगावर पडून होता. पाठ, खांदे, गुडघे दुखतात म्हणत होता. श्वास पुरत नव्हता. मी गेलो तेव्हा त्याची बायको मनीषा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, यायले कुशीवर वळवाले दोघं लागतात. मले एकटीले हालतच नाईत. आन पलंगाची नवार पहा तुमी."

पाहिली. लोखंडी पलंग, त्यावर पट्ट्यांची विणलेली नवी कोरी नवार, आणि ती जवळजवळ जमिनीला टेकलेली. त्यावर साठ किलोचा माणूस.

अकोल्याला नेलं. ऑटोत बसवायला चौघं लागले. चौघंही धट्टेकट्टे, तरी घामाघूम. एकजण म्हणालाच, "यायच्या अंगात काय शिसं भरलं काय?" दवाखान्यात वजन केलं तर पंचावन्न. डॉक्टर म्हणाले, वजन घटलंय, अशक्तपणा आहे. रक्त, फोटो, सगळं नॉर्मल. फक्त मणक्यावर ताण दिसतो म्हणाले. जड उचलायचं काम करतात का? असंही त्यांनी विचारलं.

परत आणल्यावर तो वाकूनच बसायला लागला. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओझेवाल्यासारखा. रोज थोडा जास्त वाकलेला. एकदा मला म्हणाला, "भाऊजी, मी मरून राह्यलो का?" त्याच्या दोन्ही मुली दारात उभ्या होत्या. मी तिथून उठून आलो.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. काट्याचं, आकड्याचं, पावलांचं. ती शाळेत शिक्षिका आहे, देवभोळी वगैरे अजिबात नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"जिथं चढलं तिथंच उतरोवा लागन," ती म्हणाली.

"काय उतरवणार? कोणाला?"

"थे मले काय माहीत? उद्या त्याले तिथं नेऊ. तुमी तुमचं मशीन लावा आन मले नुस्ता आकडा सांगत राहा."

सकाळी गेलो. अनिलशेठना मी फोनवर खरं ते सांगितलं होतं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. स्वतः गाडी घेऊन आले आणि प्रवीणला उतरवायला त्यांनीच हात लावला. केबिनमधलं मशीन मी चालू केलं, वेग तीनशेवरच होता. मग एकटा ऑफिसात गेलो. खरं सांगतो, शेडच्या मागं त्या खोलीत शिरण्याआधी मी दोनदा मागं वळून पाहिलं. भर सकाळ होती, उन्हात सरकीचा जुना वास येत होता, पारवे घुमत होते. तरीही.

कॉम्प्युटर लावला. शून्य, शून्य, शून्य. फोनवर सुनंदा.

"चढोते आमी त्याले," ती म्हणाली.

आकडा हलला. पंचावन्न प्रवीणचे, पासष्ट त्याच्यासोबत चढलेल्या सुनंदाचे, हे मला पाठ होते. पडद्यावर आले एकशे नव्वद.

"किती?"

"आहे. तुमच्यासंग आहे."

मग सुनंदाचा आवाज आला. माझ्याशी बोलत नव्हती ती. वर्गात एखाद्या हट्टी पोराशी बोलतात तशा सुरात, पण आवाज कापत होता.

"हे पाह्य... थो माहा लहाना भाऊ आहे. दोन पोरी आहेत त्याले. थकला थो आता. तुले धराचंच असन तं मले धर. मी दमत नाई."

मी खुर्चीतून उठलो. "सुनंदा! काय बोलून राह्यली तू?"

"शेठ, त्याले खाली घ्या," ती म्हणाली.

पडद्यावरचा आकडा खाली आला. माझं सगळं लक्ष त्यावर. फक्त सुनंदा उरली असेल तर पासष्ट यायला हवे. ते सत्तर प्रवीणबरोबर उतरले असतील तरीही पासष्टच.

एकशे पस्तीस आले.

ते तिच्याकडं राहिलं होतं.

"उतरू नको!" मी फोनमध्ये ओरडलो. "सुनंदा, खाली पाय ठेवू नको! तुह्यासंग आहे थे... उतरली का तुह्यासंग येईन!"

"थांबा जरा," ती म्हणाली. एवढंच.

मी धावत जायला हवं होतं. पण पडदा सोडून गेलो तर आकडा कोण सांगणार? त्या खोलीत मी खांबासारखा उभा होतो. हिरव्या ओळी सरकत होत्या. एकशे पस्तीस. एकशे पस्तीस. फोनमध्ये मागून अनिलशेठचा बारीक आवाज येत होता, नवकार मंत्र म्हणत होते ते.

मग आकडा पडला. सत्तर.

"उतरली मी," सुनंदा म्हणाली. "किती?"

"सत्तर... वरच आहे. वरच राहिलं. तुमी निघा. सगळे जण दूर व्हा तिथून!"

फोनमध्ये धावपळ ऐकू आली, गाडीचं दार ऐकू आलं. मी पडद्याकडे बघत होतो. सत्तर किलो त्या रिकाम्या काट्यावर एकटेच उभे होते. थोडा वेळ तसंच. आणि मग —

पस्तीस.

शून्य.

शून्य... शून्य... शून्य.

म्हणजे ते उतरलं. काट्यावर आता काही नव्हतं. ते तिकडं कुठंतरी सिमेंटच्या अंगणात होतं आणि अंगणाच्या या टोकाला, शेडच्या मागं, मी एकटा होतो. माझ्याजवळ मोजायला काहीही नव्हतं.

मी वायर उपसली. दार उघडून पुढच्या बाजूनं न जाता मागच्या कुंपणाच्या तारेतून निघालो. शर्ट फाटला, पोटरी खरचटली. सोयाबीनच्या वावरातून धावत रस्त्याला लागलो आणि शेठच्या गाडीत जाऊन पडलो.

मागच्या सीटवर प्रवीण ताठ बसलेला होता. किती दिवसांनी ताठ. म्हणाला, "भाऊजी, च्या प्यायचा का?"

तो पूर्ण बरा झाला. आता वाशीमला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, काट्याचं काम करत नाही. शेठनं तो काटा गॅसकटरनं कापून भंगारात दिला, मॉडेम आणि कॉम्प्युटरही गेले. गोदाम झालं नाही. तो प्लॉट तसाच पडून आहे. आम्ही जुन्या मालकांकडे, आसपासच्या गावांत, पुष्कळ विचारपूस केली. तिथं कधी कोणी मेलं, अपघात झाला, असं एकही माणूस सांगत नाही.

माझ्या ओळखीतल्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाला, तारेत दुसरीकडचा सिग्नल घुसला असेल. दुसरा म्हणाला, मॉडेमच्या आत जुना आकडा अडकून राहिला असेल. असेलही. पण मग नवार का टेकली? प्रवीणला मानसिक धक्का बसला असेल म्हणतात. मातीला कसला मानसिक धक्का?

सुनंदा या विषयावर बोलतच नसे. मी काढला की उठून स्वयंपाकघरात जायची. अगदी परवा, दुपारी दोघंच जेवत होतो, तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "तुमी थे सत्तर किलो म्हनत होते. पक्कं सत्तरच होतं?"

"पक्कं. मोठ्या माणसाचं वजन. का गं?"

तिनं ताटातला हात काढला.

"शेठनं प्रवीणले खाली घेतलं न, तवा कोनीतरी माह्यं बोट धरलं. मले दिसलं काईच नाई. पन धरलं होतं, घट्ट. मी उतराले एक पाय उचलला, तं थे बी उतराले लागलं. मी बोट सोडोलं. त्याचे बोटं उलगडून सोडोले हो मी... एक-एक करून."

मी ताट बाजूला सारलं.

"थे बोटं लहान होते," सुनंदा म्हणाली. "तीन-चार वर्साच्या लेकराचे असतात न, तेवढे."

सत्तर किलो मी मोजले होते. बोटं तिनं सोडवली होती. दोघंही खोटं बोलत नाही आहोत. पण या दोन गोष्टींचा मेळ मला आजवर लागलेला नाही, आणि लेकराचा हात सोडवून आल्याचं मनात घेऊन ती अलीकडे नीट झोपत नाही.